एका फळीवर सात संत: जीव वाचल्याच्या कृतज्ञतेतून राजघराण्याला दिलेला रशियन आयकॉन कसा वाचावा, तपासावा आणि जपावा

आयकॉन म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात पूजेसाठी काढलेलं पवित्र चित्र. समोर असाच एक, हातभर उंचीच्या लाकडी फळीवरचा, आहे असं समजा. सोनेरी पार्श्वभूमी, वर ढगांत ख्रिस्त आणि खाली ओळीने उभे सात संत. त्यांत चिलखतावर राजवस्त्र पांघरलेला एक राजकुमार आहे, सुगंधी तेलाचं भांडं हाती धरलेली स्त्री आहे, पांढऱ्या केसांचा एक बिशप आहे, भाला घेतलेला तरुण योद्धा आहे. जोडीला आणखी एक राजकुमार, एक साध्वी आणि मुकुट घातलेली एक राणी. ही माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. बिशप चौथ्या शतकातला, राणी दहाव्या शतकातली, चिलखतातला राजकुमार तेराव्या शतकातला. मग ही एका ओळीत का उभी आहेत?

कारण ही सात नावं एकाच कुटुंबातल्या सात जणांची आहेत. १७ ऑक्टोबर १८८८ च्या दुपारी ते कुटुंब मरता मरता वाचलं.

रशियाचा सम्राट तिसरा अलेक्झांडर क्रिमियातून सेंट पीटर्सबर्गला परतत होता. खारकोव्हजवळच्या बोर्की स्थानकापाशी (आता हा भाग युक्रेनमध्ये येतो) शाही गाडी रुळांवरून घसरली. डबे जड होते, पुढे दोन इंजिनं जोडलेली होती आणि वेग त्या मार्गाला झेपणारा नव्हता. तेव्हा रेल्वेत अधिकारी असलेल्या आणि पुढे अर्थमंत्री झालेल्या सर्गेई विट्टे यांनी या वेगाबद्दल आधीच इशारा दिला होता. कुटुंब जेवणाच्या डब्यात बसलं होतं. भिंती कोसळल्या, छप्पर खाली आलं. सहा वर्षांची ओल्गा शेजारच्या डब्यात दाईबरोबर होती, ती बाहेर फेकली गेली. वीसहून अधिक माणसं दगावली, त्यांत बहुतेक नोकरचाकर आणि रेल्वेचे कर्मचारी. सम्राटाचा लाडका कुत्रा कामचात्काही गेला. सम्राट, सम्राज्ञी मारिया फ्योदोरोव्हना आणि निकोलाय, गिऑर्गी, क्सेनिया, मिखाईल, ओल्गा ही पाचही मुलं मात्र वाचली. धिप्पाड अलेक्झांडरने मुलं बाहेर पडेपर्यंत छप्पर खांद्यावर तोलून धरलं, अशी कथा तेव्हापासून सांगितली जाते. ती कथा म्हणूनच ऐकावी.

कायदेपंडित अनातोली कोनी यांच्या चौकशीत निष्काळजीपणा समोर आला, पण लोकांच्या लेखी हा चमत्कारच होता. शहरं, पलटणी, व्यापारी, जमीनदार, गावसभा अशा सगळ्यांनी आयकॉन करवून घेतले. काही थेट राजघराण्याला भेट दिले, काही आपापल्या चर्चमध्ये बसवले. आपल्याकडचा नवस आणि हे यांत फरक आहे. नवस आधी बोलला जातो, मग फेडला जातो. इथे आधी काहीच बोललेलं नव्हतं. संकट आलं, टळलं आणि मग हात जोडले गेले. म्हणून या आयकॉनवर मागणं नसतं, तारीख असते.

ती तारीख वाचता येणं हेच या लेखातलं मुख्य काम. चांदी, लाकूड, कागद हे सगळं त्यानंतर.

पायरी १: आधी फक्त बघा

आयकॉन हातात घ्यायची घाई करू नका. तो सपाट टेबलावर, स्वच्छ सुती कापडावर आडवा ठेवा. खिडकीचा तिरका उजेड पडेल अशा जागी पुढून, मागून आणि चारही कडांनी फोटो काढा. तिरक्या उजेडात उचललेले पापुद्रे, भेगा आणि नंतर केलेली डागडुजी लगेच दिसते.

रचना थोडक्यात समजून घ्या. खाली लाकूड असतं, बहुधा लिंडेनचं, उंची कामात सायप्रसचं. त्यावर कधी कधी कापड, मग खडू आणि सरस यांचा पांढरा थर. या थराला लेव्कास म्हणतात. त्यावर सोन्याचा वर्ख आणि अंड्याच्या बलकात कालवलेले रंग. सगळ्यात वर उकळलेल्या जवसाच्या तेलाचं रोगण, ओलिफा. हे रोगण काही दशकांत काळवंडतं, त्यामुळे जुना आयकॉन काळपट दिसणं स्वाभाविक आहे. पुष्कळ आयकॉनवर धातूचं आवरणही असतं, त्याला ओक्लाद किंवा रिझा म्हणतात. आपल्या देवघरातले चांदीचे टाक आठवा. पत्र्यावर ठोकून उठवलेली आकृती, तीच कारागिरी. फक्त इथे पत्र्याला चेहऱ्याच्या आणि हातांच्या जागी खिडक्या ठेवलेल्या असतात आणि आतलं चित्र त्यांतून डोकावतं. स्वस्त कामात तर खिडकीतून दिसेल तेवढाच चेहरा आणि हात रंगवत, बाकीची फळी कोरी सोडत. तेव्हा आवरणाखाली चित्र अपुरं निघालं तर ती लबाडी समजू नका, ती तेव्हाची रीतच होती.

पायरी २: संत ओळखा

प्रत्येक संताच्या डोक्याजवळ किंवा पायाशी नाव लिहिलेलं असतं. चर्च स्लाव्होनिक, म्हणजे रशियन चर्चच्या जुन्या प्रार्थनाभाषेची लिपी येत नसली तरी वेश आणि हातातल्या वस्तूंवरून काम भागतं.

राजकुमाराच्या वेशातला योद्धा म्हणजे अलेक्झांडर नेव्हस्की, सम्राटाचा आश्रयसंत, म्हणजे ज्याचं नाव सम्राटाला आहे तो संत. पूर्वी त्याला संन्याशाच्या वेशात दाखवत. १७२४ मध्ये रशियन चर्चच्या सर्वोच्च मंडळाने त्याला राजवेशात दाखवावं असं ठरवलं, म्हणून १९व्या शतकात तो चिलखत आणि झग्यात दिसतो. तेलाचं भांडं हाती असलेली ती मेरी मॅग्डालीन, सम्राज्ञीची संत. उंच कपाळाचा, खांद्यावर क्रॉस काढलेला पट्टा आणि हाती बायबलचा ग्रंथ असलेला बिशप म्हणजे मायराचा निकोलस, युवराज निकोलायचा. भाला किंवा पायाखाली अजगर दिसला तर तो जॉर्ज. डोक्यावरून वस्त्र घेतलेली साध्वी म्हणजे क्सेनिया. मुकुट आणि हाती क्रॉस असलेली ती कीव्हची राणी ओल्गा. मिखाईलच्या बाबतीत सावध राहा. या राजपुत्राचा जन्म २२ नोव्हेंबरचा आणि तो त्वेरच्या संत राजकुमार मिखाईलचा दिवस, म्हणून फळीवर हा राजकुमार असू शकतो. काही ठिकाणी त्याऐवजी पंख असलेला महादूत मिखाईल दिसतो. दोन्ही चालतात.

सातही सापडले तर तुम्ही बोर्कीच्या उंबरठ्यावर आहात, पण आत पोहोचलेला नाहीत. कारण याच कुटुंबासाठी इतर निमित्तांनीही असे कौटुंबिक आयकॉन करत, विवाहाच्या रौप्यमहोत्सवासारख्या प्रसंगी. निमित्त कोणतं, हे ठरतं पुढच्या पायरीवर.

पायरी ३: दिवस शोधा

मला या विषयात सर्वांत आवडणारी पायरी हीच. ऑर्थोडॉक्स पंचांगात वर्षाच्या प्रत्येक दिवसाला संत नेमलेले आहेत. एखादी घटना ज्या दिवशी घडली, त्या दिवसाचे संत फळीवर येतात. बोर्कीचा दिवस १७ ऑक्टोबर, म्हणजे पैगंबर होशेय आणि क्रीटचा हुतात्मा अँड्र्यू यांचा. कुटुंबाच्या सात संतांच्या जोडीला गुंडाळी धरलेला दाढीवाला पैगंबर आणि संन्याशाच्या वेशातला हुतात्मा दिसला, की प्रसंग जवळजवळ निश्चित होतो. ते मधोमध असतील असं नाही. बाजूच्या पट्टीवर, अगदी लहान आकारातही असू शकतात.

या तारखा तेव्हाच्या रशियन पंचांगाप्रमाणे आहेत. १९व्या शतकात ते आपल्या आजच्या कॅलेंडरपेक्षा १२ दिवस मागे होतं. बोर्कीचा अपघात आपल्या हिशेबाने २९ ऑक्टोबरला झाला. संत शोधताना नेहमी जुनी तारीख घ्या. २९ ऑक्टोबरचे संत शोधत बसलात तर काहीच जुळणार नाही.

हीच किल्ली इतर प्रसंगांना लावून बघा. ४ एप्रिल १८६६ ला सेंट पीटर्सबर्गच्या उन्हाळी बागेच्या फाटकाशी काराकोझोव्ह नावाच्या तरुणाने तेव्हाचा सम्राट दुसरा अलेक्झांडर (तिसऱ्याचे वडील) याच्यावर गोळी झाडली. टोप्या शिवणाऱ्या ओसिप कोमिसारोव्हने त्याच्या हाताला धक्का दिल्याने नेम चुकला, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्या दिवसाचा संत स्तोत्रकार जोसेफ, आणि ओसिप हे जोसेफचंच रशियन रूप. लोकांना त्यात दैवी खूण दिसली नसती तरच नवल. अलेक्झांडर नेव्हस्कीशेजारी जोसेफ उभा असेल तर १८६६ चा विचार करा. २५ मे १८६७ ला पॅरिसमध्ये याच सम्राटावर पुन्हा गोळी झाडली गेली, तो दिवस बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं शिर तिसऱ्यांदा सापडल्याच्या सणाचा. २ एप्रिल १८७९ चा हल्ला संत टायटसच्या दिवशी झाला. ५ फेब्रुवारी १८८० ला हिवाळी राजवाड्यात स्फोट झाला, तो दिवस संत अगाथाचा. ही नावं मागणी देणाऱ्याने आवड म्हणून निवडलेली नसत, ती पंचांगातून आलेली असत.

आणखी एक तारीख २९ एप्रिल १८९१. युवराज निकोलाय जगप्रवासात जपानच्या ओत्सू गावी होता. बंदोबस्तावरच्या त्सुदा सान्झो या पोलिसाने त्याच्या डोक्यावर तलवारीचा वार केला. सोबतच्या ग्रीसच्या राजपुत्र जॉर्जने हातातल्या काठीने आणि रिक्षा ओढणाऱ्या दोघांनी धावून हल्लेखोराला आवरलं. तो दिवस सिझिकसच्या नऊ हुतात्म्यांचा. एका रांगेत नऊ जण आणि जवळ निकोलस दिसला तर ओत्सू आठवा. याच प्रवासात १८९० च्या डिसेंबरात निकोलाय मुंबईत उतरला होता. बरोबर असलेल्या धाकट्या गिऑर्गीची तब्येत बिघडली आणि त्याला इथूनच परत पाठवावं लागलं. बोर्कीच्या फळीवर ज्यांचे संत उभे आहेत, त्या सातांपैकी दोघांनी मुंबई पाहिली होती.

पायरी ४: अक्षरं तपासा

खालच्या पट्टीवर किंवा मागे बसवलेल्या धातूच्या पट्टीवर अर्पणलेख असतो: कोणी, कोणाला, कोणत्या घटनेच्या स्मरणार्थ. बनवाबनवी सर्वांत जास्त इथेच होते. आयकॉन खरा आणि जुना, पण साधा. त्यावर नंतर कोणीतरी पट्टी ठोकली की किंमत कित्येक पटींनी वाढते.

पकडायचं कसं? १९१८ पूर्वीच्या रशियन लेखनात व्यंजनाने संपणाऱ्या शब्दाच्या शेवटी ъ हे मूक अक्षर लिहीत. १९१८ च्या सुधारणेत ते शब्दान्ती गेलं. १८८८ च्या लेखात ते नसेल तर लेख नंतरचा आहे. हे तपासायला रशियन यायची गरज नाही. संग्रहालयातल्या त्या काळच्या लेखाचा फोटो शेजारी ठेवून शब्दांची शेवटची अक्षरं ताडून बघा. मग खिळे बघा. पट्टीचे खिळे चकचकीत आणि आवरणाचे काळे पडलेले असतील तर शंका घ्या. पट्टी बोर्कीची आणि फळीवर एकटा निकोलस असेल, तर माझ्या मते पट्टीवर नाही, फळीवर विश्वास ठेवावा.

पायरी ५: चांदीचे शिक्के

भिंग घ्या आणि आवरणाच्या कडा तपासा. रशियात चांदीची शुद्धता ९६ च्या मोजपट्टीवर मोजत, त्यामुळे ८४ हा आकडा म्हणजे ८७.५ टक्के चांदी. शेजारी शहराची खूण असते. सेंट पीटर्सबर्गसाठी एकमेकांवर आडवे जहाजाचे नांगर आणि राजदंड, मॉस्कोसाठी अजगराला मारणारा घोडेस्वार जॉर्ज. परीक्षकाची आद्याक्षरं, बहुधा वर्षासकट, आणि कारागिराचं चिन्हही असतं. ओव्चिन्निकोव्ह, ख्लेब्निकोव्ह ही मॉस्कोची नावाजलेली घराणी. दरबारी पुरवठादार असल्याने त्यांना नावाबरोबर दुतोंडी गरुड वापरायचा हक्क होता.

कालगणनेसाठी एक खूण फार कामाची. साधारण १८९९ पासून शिक्क्यात पारंपरिक शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचं मस्तक आलं, आधी डावीकडे तोंड केलेलं, १९०८ नंतर उजवीकडे. १८८८ चं म्हणून दाखवलेल्या आवरणावर हे मस्तक असेल तर ते आवरण त्या वर्षीचं नाही. पण म्हणून चित्रही खोटं ठरत नाही. अपघातानंतर दहा-पंधरा वर्षांनी नवं आवरण चढवणं अशक्य नव्हतं. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा.

आवरण काढून आत बघायचा मोह आवरा. बारीक खिळे उपटताना कडेचा लेव्कास तुटतो आणि तो परत बसवता येत नाही.

पायरी ६: मागची बाजू

फळी वाकू नये म्हणून मागे आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. जुन्या फळीवर सुकल्याच्या खुणा, किड्यांची भोकं आणि हाताळण्याने आलेली गुळगुळीत झाक सापडते. मखमल चढवलेली असेल तर भेटीदाखल केलेला आयकॉन असण्याची शक्यता वाढते. कागदी चिठ्ठ्या आणि रंगाने लिहिलेले क्रमांक अजिबात पुसू नका. १९२० आणि १९३० च्या दशकांत सोव्हिएत सरकारने राजवाड्यांतल्या आणि चर्चमधल्या वस्तू परदेशात विकल्या. त्या काळातले यादीक्रमांक कधी कधी याच बाजूला टिकून असतात.

लाकडाऐवजी पत्रा आणि त्यावर छापील चित्र निघालं तर निराश होऊ नका. मॉस्कोच्या झाको आणि बोनाकर या कारखान्याने १९व्या शतकाच्या शेवटी पत्र्यावर छापलेले आयकॉन मोठ्या प्रमाणावर काढले. ते राजघराण्याला दिलेले नाहीत, पण कोणा शेतकऱ्याच्या घरच्या कोपऱ्यात ते खऱ्या श्रद्धेने पुजले गेले असणार.

पायरी ७: ‘राजघराण्याला दिलेला’ हा दावा

सर्वांत शेवटी विश्वास ठेवायचा तो याच वाक्यावर. बोर्कीच्या स्मरणार्थ केलेला आयकॉन ही एक गोष्ट, तो खुद्द अलेक्झांडरच्या हाती दिलेला असणं ही फार वेगळी. विक्रेत्याला तीन गोष्टी मागा: अर्पणलेखाचं पूर्ण भाषांतर, राजवाड्याच्या यादीत किंवा जुन्या फोटोत असलेली नोंद आणि १९१७ पासून आजपर्यंतच्या मालकांची साखळी. राजघराण्याकडे असे आयकॉन ढिगांनी होते. सेंट पीटर्सबर्गजवळच्या त्सारस्कोये सेलोच्या अलेक्झांडर राजवाड्यात निकोलायच्या शयनगृहाच्या भिंतीवर शेकडो आयकॉन टांगलेले होते. क्रांतीनंतर सम्राज्ञी मारिया १९१९ मध्ये ब्रिटिश युद्धनौकेतून क्रिमिया सोडून गेली. क्सेनिया पुढे इंग्लंडमध्ये आणि ओल्गा कॅनडात वारली. या वाटांपैकी एखादीशी वस्तूचा प्रवास कागदावर जुळत असेल तर दावा तपासण्यालायक आहे. नुसतं ‘कुटुंबात असं सांगतात’ हा पुरावा नव्हे.

रशिया आणि युक्रेन या दोन्ही देशांत जुने आयकॉन बाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत. युद्धामुळे चोरीच्या वस्तूंची भीतीही मोठी आहे, म्हणून पूर्वीची निर्यात-कागदपत्रं नसतील तर घेऊ नका, कितीही मन बसलं तरी. भारतात आणलात तर आयातीचे कागद जपा. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यात १०० वर्षं किंवा त्याहून जुन्या कलावस्तू येतात आणि त्या खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत. आयकॉन परत बाहेर न्यायचा विचार असेल तर आणण्याआधीच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

विकत घ्यायचं नसेल, फक्त डोळे तयार करायचे असतील, तर अमेरिकेत बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्यांना मॅसेच्युसेट्समधल्या क्लिंटनचं आयकॉन संग्रहालय जवळ आहे. जर्मनीतल्यांसाठी रेक्लिंगहाउझनचं आहे. एक दिवस तिथे नुसते संत ओळखत फिरा.

पायरी ८: आपल्या हवेत जपणं

थंड कोरड्या घरासाठी केलेली ही फळी. मुंबई, कोकण, गोव्याचा पावसाळा तिला मानवत नाही. लाकूड ओलाव्याने फुगतं, सुकलं की आकसतं, वरचा लेव्कास मात्र लवचीक नसतो. त्यामुळे रंग पापुद्र्यांनी सुटतो. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती स्थिर असावी. रात्री एसी आणि दिवसा बंद, हा चढउतार सर्वांत घातक. साधा आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो आयकॉनशेजारी ठेवा. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर टांगू नका. मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवा. ऊन, थेट दिवा आणि खाली पेटती समई नको. घरी पूजा करायची असेल तर निरांजन हातभर दूर असू द्या, काजळी रोगणात कायमची बसते.

चांदी काळी पडली तरी पितांबरी, रांगोळी, चिंच, टूथपेस्ट काहीही लावू नका. मुलामा असतो तो निघतो, पूड खिडक्यांतून आत जाऊन चित्रावर बसते आणि नक्षीचे उठाव झिजतात. मऊ, कोऱ्या ब्रशने फक्त धूळ झटका, तीही रंग कुठे सुटलेला नाही हे पाहून. तेल चोळून चित्र उजळवायचा जुना उपायही टाळा. वाळवी आणि भुंग्यासाठी दर महिन्याला खाली पडलेला भुसा बघत जा. डांबरगोळ्या टाकून पेटीत बंद करू नका.

पापुद्रा सुटलाच तर आयकॉन चित्र वर करून आडवा ठेवा. पडलेला तुकडा पाकिटात घाला आणि तो पडला ती जागा फोटोवर खुणा करून दाखवा. फेव्हिकॉल नाही, सेलोटेप नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, लखनौत राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे. त्यांना आधी फोटो पाठवा, मग सल्ल्याप्रमाणे हलवा.

शेवटी एक कागद घ्या. संतांची नावं डावीकडून उजवीकडे लिहा. त्यांच्यापुढे कुटुंबातली व्यक्ती, मग दिवसाचे संत, जुनी तारीख, नवी तारीख, शिक्के, मोजमाप, कुठून आणि केव्हा आला हे सगळं लिहा. बोर्कीत दगावलेल्या नोकरांची आणि कर्मचाऱ्यांची नावं या फळ्यांवर सहसा नसतात. तेव्हा घटनेचं वर्णन लिहिताना मृतांचाही उल्लेख करा. हा कागद आयकॉनच्या मागे चिकटवू नका. आम्लविरहित पाकिटात घालून वेगळा ठेवा आणि त्याची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या.